कापडाची पाठ

ईद होऊन चार दिवस झाले होते. पाहुणे आपापल्या गावी परतले, डब्यांच्या तळाशी उरलेला फराळ पोरांनी संपवला आणि इमोगिरीच्या डोंगराखालच्या त्या गावातल्या बायका पुन्हा वार्सीच्या पडवीत मेणाच्या कढईभोवती कापडावर नक्षी काढायला येऊन बसल्या. कढई एकच, शेगडी एकच, आणि भोवती चार पाट. त्यातला एक पाट गेल्या वर्षापासून रिकामा होता. तो कुणी उचलून ठेवला नव्हता आणि त्यावर कुणी बसतही नव्हतं.

पोनिरानं पिशवीतून पांढरंशुभ्र कापड काढलं आणि बांबूच्या चौकटीवर टाकलं. खळ लावून, कुटून, चांगलं गुळगुळीत केलेलं. वार्सीची नजर लगेच त्यावर गेली. वार्सीच्या नजरेतून काही सुटत नसे आणि तोंडातून काही राहत नसे.

"एवढं भारी कापड? कुणाचं गं काम आलं?"

"वुलानचं," पोनिरा म्हणाली.

"म्हणजे? आपल्या वुलानचं? ठरलं?"

"ठरलं. हजच्या महिन्यात."

वार्सीनं हातातली मेणाची लेखणी, चांतिंग, कढईत सोडली आणि दोन्ही हातांनी गाल धरले. "आणि ही बया चार दिवस घरात बसून शेंगदाण्याच्या चकत्या तळत होती! ऐकलंस का रुसमी? मी हिची चाळीस वर्षांची मैत्रीण, आणि मला आज कळतंय!"

"मावशी, तुम्हाला कळलं असतं तर गावाला आधी कळलं असतं," रुसमी म्हणाली. ती तिघींत लहान, पस्तिशीची. वार्सीनं तिला कोपर मारलं आणि तिघी हसल्या.

पोनिराच्या मनात काय होतं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. चाळीस वर्षं तिनं लग्नाची कापडं काढली होती. सिदोमुक्ती, म्हणजे सुखासमाधानात नांदा असं सांगणारं नक्षीकाम. नवरा-नवरीनं नेसायचं. जोग्या शहरातल्या व्यापाऱ्यांनी ती सगळी नेली आणि कुठल्या कुठल्या लेकी ती नेसून बोहल्यावर बसल्या. पोनिराच्या घरातल्या पेटीत तिच्या हातचं एकही कापड नव्हतं. आता एक तरी राहायला हवं होतं, आणि ते हेच असायला हवं होतं. कारण यानंतर दुसरं होणार नव्हतं.

डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. जोग्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की नंतर दीड महिना शेगडीजवळ बसायचं नाही, धूर नाही, आच नाही. म्हणजे लग्नाचं कापड राहिलंच. पोनिरानं मान हलवली, घरी आली आणि लेकीला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही.

वुलान सुराबाया शहरात कचेरीत कामाला होती. ती फोनवर म्हणाली होती, "आई, कशाला एवढा खटाटोप? भाड्यानं मिळतं. छापील असतं, पण कुणाला कळत नाही गं."

"मला कळतं," पोनिरा म्हणाली होती.

पेन्सिलीच्या रेघा आता तिला धड दिसत नसत. पण हाताला वाट ठाऊक होती. चांतिंग म्हणजे बांबूच्या दांड्याला लावलेली तांब्याची चिमुकली वाटी, तिला केसाएवढं तोंड. वाटी कढईत बुडवायची, तोंडावर हलकी फुंकर मारायची आणि थंड व्हायच्या आत रेघ ओढायची. मेण जिथं बसलं तिथं रंग चढत नाही, एवढं साधं सगळं. चौकडीत पंख, चौकडीत घर, चौकडीत फुलपाखरू, आणि मधल्या जागेत बारीक तिरक्या रेघा, भाताच्या दाण्यांएवढ्या. मेण जरा निवलं की पोनिरा त्यावरून बोट फिरवायची. बोटाला जे लागे त्यावर तिचा डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा होता.

खरी अडचण वेगळीच होती. कापडाला पाठ असते.

सुलट बाजू झाली की कापड उलटायचं आणि मागूनही तेच्या तेच गिरवायचं. नाहीतर रंग पाठीमागून शिरतो आणि सगळी नक्षी फिकी, मळकी निघते. पाठ म्हणजे अर्धं काम, आणि त्या कामाचं नाव कुणी घेत नाही. म्हणून गावात जोड्या होत्या. तू माझ्या कापडाची पाठ धर, मी तुझ्या कापडाची धरते. पोनिराची जोडी सातिनेमशी होती, तीस वर्षं.

सातिनेम डावरी होती. त्या गावात डाव्या हातानं कुणाला साधं केळंही देत नाहीत, पण सातिनेमच्या आईनं मार मार मारूनही तिचा हात बदलला नाही. आणि तेच पोनिराच्या पथ्यावर पडलं. उजव्या हाताची तिरकी रेघ एकीकडे कलते. तीच रेघ दुसऱ्या उजव्या हातानं मागून ओढायला गेलं की हात आपल्याच सवयीनं कलतो, आणि कापड उजेडात धरलं की रेघांच्या फुल्या दिसतात. डावऱ्या हाताचं तसं होत नाही. सातिनेमनं मागून ओढलेली रेघ पोनिराच्या रेघेवर बरोबर जाऊन बसे. व्यापारी कापड उलटंपालटं करून विचारायचे, यातली सुलट बाजू कुठली?

गेल्या वर्षी सातिनेमला ताप आला आणि आठव्या दिवशी ती गेली. तिला मूलबाळ नव्हतं. वुलान झोळीत होती तेव्हापासून सातिनेमचं एकच पालुपद असे, "हिच्या लग्नाच्या कापडाची पाठ मी धरणार. दुसऱ्या कुणी हात लावला तर याद राखा."

आता रुसमी म्हणाली, "काकू, पाठ मी धरते."

एका चिंधीवर तिनं करून दाखवलंसुद्धा. पोनिरानं चिंधी उन्हात धरली. डोळे अधू असले तरी फुल्या तिला दिसल्या. तिनं चिंधी घडी करून रुसमीच्या हातात दिली. "छान आहे गं. पण राहू दे. मीच बघते कसं जमतं ते."

जमणार नव्हतं, हे तिघींनाही ठाऊक होतं. सुलट बाजूलाच महिना लागणार. पाठीला आणखी एक. मग निळीत आणि तपकिरी रंगात बुडवायचं, वाळवायचं, उकळून मेण काढायचं. एवढे दिवसच नव्हते. पण हातात काम होतं, सकाळची हवा थंड होती आणि मेणाला राळेचा गोडसर वास सुटला होता. पोनिरा आपल्याशीच गुणगुणत होती. दुःख करत बसायचा तिचा स्वभावच नव्हता.

पहिली ओळ संपली तेव्हा पाच दिवस गेले होते.

सहाव्या दिवशी सकाळी तिनं कापड चौकटीवर सरकवलं आणि तिचं बोट पाठीला लागलं. पाठीवर मेण होतं.

तिनं कापड उलटलं. पहिली ओळ, सहाच्या सहा चौकड्या, मागून भरलेल्या होत्या. पंख, घर, फुलपाखरू, रेघा. कुठं ओघळ नाही की थेंब नाही.

"रुसमी!" तिचा आवाज चढला. "नको म्हटलं होतं ना तुला? लेकीच्या कापडावर प्रयोग करतेस?"

"मी? आईशप्पत नाही काकू! मी तर काल दुपारीच गेले, पोराला ताप होता ना."

"माझ्याकडे बघू नकोस," वार्सी आधीच म्हणाली. "मला माझंच पुरं होईना. आणि माझा हात एवढा सुबक असता तर मी तुमच्यात बसले असते का?"

रुसमीनं कापडाचं एक टोक धरलं, वार्सीनं दुसरं, आणि त्यांनी ते उन्हात ताणलं. पोनिरा अगदी जवळ गेली, नाक लागेल इतकी. रेघेवर रेघ बसली होती. एकही फुली नव्हती.

मग वार्सी उगाचच शेगडीतले कोळसे ढोसत बसली. दुपारपर्यंत ती गप्प होती, आणि हे त्या पडवीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

पोनिरा भाबडी नव्हती. पडवी तीन बाजूंनी उघडी, कुणीही येऊ शकतं. पलीकडच्या गावात कुणी डावरी बाई असेलही, सातिनेमनं तिला शिकवलंही असेल. त्या संध्याकाळी तिनं कापड घरी नेलं. पत्र्याच्या पेटीत ठेवलं, कडी घातली आणि कडीत कुलूप अडकवलं. किल्ली अंबाड्यात खोचली. घरात मेणाचा तुकडा नव्हता, चांतिंग नव्हती, चूलसुद्धा विझवून ठेवली.

सकाळी तिनं कुलूप काढलं. झाकण उचलताच तोंडावर ऊब आली. राळेचा वास आला. झाकणाच्या आतल्या पत्र्यावर वाफेचे थेंब धरले होते, भाताच्या पातेल्यावर धरतात तसे. आणि दुसऱ्या ओळीतल्या ज्या दोन चौकड्या तिनं आदल्या दिवशी काढल्या होत्या, त्यांची पाठ झाली होती.

पोनिरा पेटीसमोर फतकल मारून बसली. भीती वाटायला हवी, असं तिच्या मनात आलं. तिनं थोडी वाट पाहिली. भीती आली नाही. उलट खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं हलकं वाटलं, आणि मग डोळे भरून आले.

"आलीस होय गं," ती म्हणाली. "बरं झालं."

त्यानंतर कापड पुन्हा पडवीतच राहायला लागलं. पेटीत कोंडायचं कशाला? पोनिरा दिवसा सुलट बाजू काढी, सकाळी येऊन पाठ बघे. ते आठवडे तिला फार सुखाचे गेले. भूक लागे, झोप लागे. रुसमी आधी बिचकली, मग तीही सरावली. येताना विचारायची, "काकू, आज किती झालं?" जणू गाईनं किती दूध दिलं ते विचारतेय.

वार्सी मात्र सरावली नाही. ती आपला पाट रोज वीतभर लांब सरकवायची.

"इमामांना बोलावू या," ती एक दिवस कुजबुजली. "कुराणातल्या दोन आयता म्हणतील. वाईट काय आहे त्यात?"

"आणि सांगायचं काय त्यांना? कुणीतरी चोरून काम करतंय, त्याला थांबवा?"

"हसू नकोस पोनिरा. ही पाठ धरतेय. मग तुलाही तिची धरावी लागेल. रीत आहे ती."

"धरीन की. तीस वर्षांत कधी चुकवलीय का?"

"अगं, तेव्हा ती जिवंत होती!"

पोनिरानं चांतिंगवर फुंकर मारली. "आधी माझ्या पोरीचं कापड होऊ दे. मग मागू दे तिला काय मागायचं ते."

हे ती अगदी सहज बोलून गेली. रुसमीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पण पोनिरा पुन्हा कामात बुडाली होती.

तिसऱ्या ओळीत एका फुलपाखराच्या मिशा तिच्याकडून राहून गेल्या. डोळे साथ देत नव्हते, राहून जायचंच. सकाळी पाठीवर त्या मिशा होत्या. मागून काढलेल्या, दोन बारीक केसांसारख्या, सुलट बाजूला काहीच नसताना. पोनिरानं बोटानं चाचपलं, जीभ चावली आणि पुढून मिशा काढल्या. शाळेतल्या मुलीला बाईंनी चूक दाखवावी तशी ती ओशाळली.

चौथ्या ओळीपासून पाठ पुढं गेली.

म्हणजे असं झालं की पोनिरानं सकाळी कापड सरकवलं तर सुलट बाजू कोरी, आणि पाठीवर पूर्ण ओळ तयार. जे तिनं अजून काढलं नव्हतं ते मागून आधीच काढलेलं. घर कुठं, पंख कुठं, सगळं तिच्या मनात होतं तसं. तिनं ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

वार्सीनं पदर सावरला आणि ती तडक घरात निघून गेली. पण पोनिराचं मात्र कामच सोपं झालं. पेन्सिलीची रेघ शोधायला नको. मागचं मेण पातळ कापडातून बोटाला लागायचं. डाव्या हाताचं बोट पाठीवर ठेवायचं आणि उजव्या हातानं पुढून त्याच्यामागून जायचं. हात भराभर चालायला लागला. डोळे मिटले तरी चालायचं, आणि खरं सांगायचं तर ती बऱ्याचदा ते मिटूनच घेई. पुढची रेघ कुठं वळणार ते बोटाला सांगितलं जात होतं. आता पाठ आपणच धरतोय, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. पण दिवस थोडे होते आणि काम सुंदर होत होतं.

लग्नाला अकरा दिवस उरले असताना कापडावरचं मेणकाम संपलं.

निळीत बुडवलं, वाळवलं, मग तपकिरी रंगात. शेवटी मोठ्या घंगाळात पाणी उकळून त्यात कापड सोडलं. मेण सुटून वर आलं आणि खालून नक्षी निघाली. रुसमीनं काठीनं कापड वर उचललं आणि तिच्या तोंडून नुसतं "अगं बाई" निघालं. वार्सीसुद्धा जवळ आली. तिनं कापड उलटून पाहिलं, पुन्हा उलटलं.

"मेल्यांनो," ती हळूच म्हणाली, "असं काम मी जन्मात पाहिलं नाही."

वुलान लग्नाच्या आदल्या दिवशी आली. कापड मांडीवर घेऊन बसली आणि उलटंपालटं करून बघत राहिली.

"आई, यातलं उलटं कुठलं?"

"उलटं नाहीच. दोन्ही सुलटंच."

"तू एकटीनं केलंस? या डोळ्यांनी? मला डॉक्टरांचा कागद सापडला पेटीत."

"एकटीनं कुठलं," पोनिरा म्हणाली. "तुझी सातिनेम मावशी होती ना."

वुलानला वाटलं आई मायेनं बोलतेय. तिनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडली. दुसऱ्या दिवशी ती ते नेसून बसली तेव्हा बायका हात न लावता राहीनात. पोनिरानं आयुष्यात एवढं समाधान कधी अनुभवलं नव्हतं, आणि तिनं ते भेटेल त्याला सांगितलंसुद्धा.

लग्नानंतर वुलाननं तिला स्वतः जोग्याला नेलं आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. दीड महिना पोनिरा घरात बसून राहिली. पट्टी निघाली तेव्हा तिला आधी मेरापीचा डोंगर दिसला, मग समोरच्या केळीच्या पानावरची मुंगी. ती मुंगीकडेच जास्त वेळ बघत राहिली.

पडवीत परत आली तेव्हा तिच्या चौकटीवर एक कापड होतं.

"कुणाचं गं हे?" तिनं विचारलं.

"तुमचंच ना?" रुसमी म्हणाली. "मला वाटलं तुम्ही काल संध्याकाळी आणून टाकलंत."

"मला वाटलं रुसमीनं टाकलं," वार्सी म्हणाली.

सुलट बाजू पूर्ण भरलेली होती. पाठ कोरी होती. नव्या डोळ्याला रेघ न् रेघ स्वच्छ दिसत होती आणि प्रत्येक रेघ डावीकडे कललेली होती.

नक्षी ओळखायला तिला एक क्षण लागला, कारण ती नक्षी त्या रोज काढत नसत. लहान लहान चौकोन, त्यांत त्रिकोण, मधोमध एक ठिपका. स्लोबोग. मेलेल्या माणसावर पांघरायचं कापड. जाणाऱ्याला वाट ऐसपैस मिळावी म्हणून.

रुसमीनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

पोनिराच्या डोळ्यांसमोर वुलान आली. कालच फोन आला होता. दिवस गेलेत आई, दोन महिने झालेत, कुणाला सांगू नकोस अजून. पोनिरा कापडाची कड भराभरा चाचपत गेली. पडवीत कापडं एकमेकांत मिसळतात, म्हणून ज्याचं त्याच्या नावाचं एक अक्षर मेणानं कडेला काढायची पद्धत होती. अक्षर तिसऱ्या कोपऱ्यात सापडलं.

ते तिच्या स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर होतं.

तिनं मोठा श्वास सोडला. मग हसू आलं तिला, खरंच आलं.

"माझं आहे," ती म्हणाली. "माझंच आहे गं. घाबरू नका."

"जाळून टाक!" वार्सी ओरडली. "आत्ताच्या आत्ता शेगडीत घाल!"

"तीस वर्षांची मैत्रीण आहे ती माझी. माझ्या पोरीचं कापड तिनं पुरं करून दिलं. आणि मी तिचं काम शेगडीत घालू?" पोनिरा आपल्या पाटावर बसली आणि तिनं कापड उलटलं. "पाठ धरल्याशिवाय हे रंगात बुडवता येत नाही. बुडवलं नाही तर पांघरता येत नाही. म्हणजे मी सावकाश धरली की झालं. दिवसाला एक चौकोन. किती चौकोन आहेत बघ तरी. नातवंड पायावर उभं राहील तोवर."

तिनं चांतिंग भरली, फुंकर मारली आणि रिकाम्या पाटाकडे बघून म्हणाली, "सातिनेम, घाई नाही हं."

पुढचे दिवस तिनं शब्द पाळला. सकाळी एक चौकोन काढायचा, चांतिंग पुसून ठेवायची आणि मग दिवसभर वार्सीच्या नाहीतर रुसमीच्या कामाला हात लावायचा. नव्या डोळ्यानं काम झरझर होई, हात शिवशिवत, दुसरा चौकोन सहज झाला असता. पण ती उठून जाई. वार्सीसुद्धा निवळली. पुन्हा गावभरच्या बातम्या सुरू झाल्या, पुन्हा हसणं सुरू झालं. वुलानला आंबट खावंसं वाटतंय, असा फोन आला. पोनिरानं कैऱ्या मिठात घातल्या.

असे अकरा चौकोन झाले.

सोमवारी सकाळी ती पडवीच्या पायरीशी आली तेव्हा शेगडी पेटलेली होती. कढईतलं मेण वितळून धूर धरत होतं. तिनं कापड उलटलं.

अकरा चौकोनांपुढं आणखी चार ओळी भरलेल्या होत्या. कडेपासून कडेपर्यंत.

तिनं उजवा डोळा जवळ नेला. या रेघा डावऱ्या हाताच्या नव्हत्या. तिरकेपणा, ठिपका ठेवताना दिलेला जरासा दाब, सगळं तिचं होतं. चाळीस वर्षं ती हेच वळण गिरवत आली होती. दुसऱ्या कुणाचं म्हणून ते खपलंच नसतं.

शेवटच्या चौकोनावर तिनं बोट ठेवलं. मेण मऊ होतं. बोट आत रुतलं.

वार्सीला मदत करायला आलेली रुसमी माजघराच्या दारातून डोकावली, हातात सुपली. "काय हो काकू, पुन्हा आलात? काही विसरलं का?"

"पुन्हा?"

"म्हणजे, आत्ताच नाही का उठून गेलात? मी विचारलं इतक्या लवकर कशा, तर बोलला नाहीत. कामात होतात. म्हणून काढा तेवढा ठेवला तुम्हाला दोघींना आणि..."

रुसमीची नजर फळीवर गेली. सुपली तिच्या हातात तशीच राहिली.

पाटांमधल्या फळीवर काचेचे दोन पेले होते. लवंगेच्या पानांचा, आल्याचा, खडीसाखरेचा नेहमीचा लाल काढा. रिकाम्या पाटासमोरचा पेला काठोकाठ भरलेला होता आणि त्यातून वाफ निघत होती. पोनिराच्या पाटासमोरचा पेला संपलेला होता. तळाशी फक्त ओली लवंगेची पानं होती.

पोनिरानं ओठ मिटून घेतले. दर सोमवारी ती नेमानं रोजा धरी. पहाटेपासून तिनं पाण्याचा थेंबही घेतला नव्हता.

जिभेवर आलं चुरचुरत होतं. साखर बेताची होती, तिला आवडते तशी.